शिडाच्या नौकांचा कारखाना : कौशल्य, भांडवल आणि पत

बिदर व कलबुर्गी या सीमाभागातील आमच्या व्यापारी बंधुभगिनींसमोर समुद्रावरील नौकांचा विषय मांडावयाचा म्हणजे प्रथमदर्शनी थोडे आश्चर्याचेच वाटेल. आमचा व्यवहार तुरीचा, हरभऱ्याचा, ज्वारीचा, कापडाचा आणि किराण्याचा. आमच्या बाजारपेठेपासून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि ज्या उद्योगात मालाच्या वजनाला किंमत नसून कारागिराच्या हाताला आणि मालकाच्या शब्दाला किंमत असते, अशा उद्योगाचे स्वरूप समजावून घेणे कोणत्याही व्यापाऱ्यास निरुपयोगी ठरणार नाही. म्हणून शिडाच्या मोठ्या, वेगवान व डौलदार नौका बांधण्याच्या धंद्याचा परिचय आम्ही या लेखात करून देत आहोत. या धंद्यात जगभर नाव कमावलेला एक कारखाना युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंडमध्ये आहे, आणि त्याच जातीचे काम आपल्या शेजारी गोव्यात एका मराठी उद्योजकाने करून दाखविले आहे.

समुद्राशी आमचा जुना संबंध

शिवाय समुद्र बिदरला परका होता असेही नाही. बहमनी राज्याची राजधानी बिदर येथे असताना दाभोळ व चौल या बंदरांतून उतरलेला माल घाट चढून याच पठारावर येत असे. ज्याच्या नावाचा मदरसा बिदर शहरात आजही उभा आहे, तो महमूद गवान मूळचा इराणातील गिलानचा व्यापारी. १४५३ साली तो दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. त्याला मिळालेला 'मलिक-उत्-तुज्जार' हा किताब म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. १४७२ साली गोवा बंदर बहमनी राज्याला जोडून घेणारा तो हाच.

त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला व जुन्नरमार्गे बिदरला आला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. वाटेत तो घोडा जप्त झाला आणि मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. आमच्या आळंदच्या जत्रेत हजारो घोड्यांची खरेदी-विक्री होते, असे त्याने आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. आपल्या देशास नेण्याजोगा स्वस्त माल येथे नाही, जकात भारी आहे आणि समुद्रात चाचे फार, ही त्याची तक्रार वाचताना पाचशे वर्षांपूर्वीचा नव्हे, तर कालचाच कोणी व्यापारी बोलतो आहे असे वाटते.

नौका चालते कशी?

कारखान्याकडे वळण्यापूर्वी नौकेची रचना थोडक्यात समजून घेऊ. वारा पाठीमागून आला म्हणजे शीड फुगते व नौका पुढे ढकलली जाते, हे कोणालाही समजेल. परंतु वारा समोरून येत असतानाही चांगली नौका त्याच दिशेने पुढे सरकू शकते. उत्तम रीतीने कापलेले शीड पक्ष्याच्या पंखासारखे वक्र असते. त्याच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडून नौकेला ओढ लागते. समोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही, म्हणून नौका कधी उजवीकडे तर कधी डावीकडे तिरपी जात मार्ग काटते. घाटातील रस्ता जसा वळणे घेत माथ्यावर पोहोचतो, तसाच हा प्रकार आहे.

आता शिडावर वाऱ्याचा एवढा जोर पडल्यावर नौका उलटत का नाही? याचे उत्तर तराजूत आहे. नौकेच्या तळाखाली शिशाचे जड पाते बसविलेले असते. वारा वरून एका बाजूस ढकलतो आणि खालचे शिसे तिला पुन्हा उभी करते. नौका जितकी कलेल तितका हा उलट ओढा वाढत जातो. नौका बांधणाराचे सारे कौशल्य या दोन पारड्यांचा मेळ घालण्यात असते. अंग हलके हवे, म्हणजे वेग मिळेल. पण ते इतके मजबूत हवे की शिशाचे पाते आणि उंच डोलकाठी यांच्या ताणाखाली ते पिळवटू नये.

वेगाचाही एक हिशेब आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे साधारण नौकेच्या वेगाची मर्यादा ताशी सागरी मैलांत मिळते. २५ फुटांच्या नौकेस ती ६.७ येते, तर ४९ फुटांच्या नौकेस ९.४. म्हणजे लांबी जवळजवळ दुप्पट झाली, खर्च तर दुपटीहून पुष्कळ अधिक झाला, पण वेग दीडपटही झाला नाही. या मर्यादेपलीकडे जावयाचे तर अंग हलके करणे, तळाचा आकार सुधारणे आणि शिडे अधिक नेमकी करणे हाच मार्ग उरतो. वेगवान नौकांची किंमत कोट्यवधींच्या घरात का जाते, याचे उत्तर याच हिशेबात आहे. शेवटच्या एका मैलाचा वेग सर्वांत महाग पडतो.

फिनलंडमधील कारखाना

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिएतारसारी नावाचे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथील अर्ध्याहून अधिक लोक स्वीडिश बोलतात, म्हणून याकोबस्टाड या स्वीडिश नावानेही ते ओळखले जाते. ज्या गावात बाजाराची भाषा एक आणि घराची दुसरी असते, त्याची कल्पना आम्हा सीमाभागातील लोकांना वेगळी करून द्यावयास नको. या किनाऱ्यावर लाकडी जहाजे बांधण्याची परंपरा काही शतकांची होती. आगबोटी आल्या, लाकडी जहाजांचा काळ संपला, पण सुतारांच्या घराण्यांतील हात मात्र राहिले.

१९६६ साली पेक्का कोस्केनकुला या तरुणाने तेथे नाउतोर नावाची कंपनी स्थापन केली. तो कागदउद्योगात नोकरी करीत असे. त्याच्यापाशी मोठे भांडवल नव्हते की नामांकित घराणे नव्हते. परंतु एक गोष्ट त्याने प्रथमच ओळखली : नौकेचा आराखडा आपण स्वतः करण्यापेक्षा जगातील सर्वोत्तम आराखडाकारांकडून घ्यावा. म्हणून त्याने थेट न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या पेढीकडे धाव घेतली. त्यांच्या आराखड्यावरून बांधलेली पहिली नौका 'स्वान ३६' या नावाने बाजारात आली. स्वान म्हणजे हंस. लाकडाऐवजी काचतंतू व राळ यांचे, म्हणजे फायबरग्लासचे, अंग वापरण्याचे धाडस त्या काळी थोडेच लोक करीत होते. नाउतोरने अंग नव्या द्रव्याचे केले आणि आतील लाकूडकाम मात्र जुन्या सुतारांच्या हाती ठेवले. १९६८ साली इंग्लंडमध्ये काउझ येथील शर्यतींत याच जातीच्या नौकेने आपल्या गटात बाजी मारली आणि दूरच्या गिऱ्हाइकांचे लक्ष या लहान गावाकडे वळले.

प्रारंभीच्या वर्षांतच कारखान्यास आग लागली. अशा वेळी शुमान ही मोठी लाकूड-कागद कंपनी पाठीशी उभी राहिली व पुढे मालकीही तिच्याकडे गेली. १९७३-७४ साली जगप्रदक्षिणेची पहिली व्हिटब्रेड शर्यत झाली. तिच्यात रामोन कार्लिन या मेक्सिकन उद्योगपतीची 'सायुला दुसरी' ही स्वान ६५ जातीची नौका पहिली आली. दक्षिणेच्या महासागरात एका प्रचंड लाटेने ती पार उलटीपालटी केली होती. तरीही ती सावरली आणि शर्यत जिंकून परतली. नाउतोरला याहून मोठी जाहिरात कोणती हवी होती?

पण कुशल कारागीर तयार झाले की ते स्वतःचा धंदा मांडतात, हेही येथे घडले. १९७३ साली नाउतोरमधील पाच जण बाहेर पडले व त्यांनी जवळच्याच बोसुंड गावी बाल्टिक यॉट्स ही कंपनी काढली. अंग अधिकाधिक हलके करणे हा त्यांनी आपला विशेष ठरविला. आमच्याकडे मुनीम दुकान सोडून समोरच पेढी घालतो तेव्हा मालकास राग येणे साहजिक आहे. येथे मात्र परिणाम असा झाला की त्या किनाऱ्यावर डोलकाठ्या, लोखंडी सामान, रंगकाम व सुतारकाम करणारांची एक संपूर्ण पेठच उभी राहिली. दोन्ही कारखाने टिकले. स्पर्धेमुळे गिऱ्हाईक वाटले गेले खरे, पण स्पर्धा असल्यामुळेच गिऱ्हाईक त्या गावाकडे येत राहिले.

नाउतोरची मालकी पुढेही बदलली. १९९८ साली इटलीतील चामड्याच्या मालासाठी प्रसिद्ध असलेल्या फेरागामो घराण्यातील लिओनार्दो फेरागामो यांच्याकडे ती आली आणि २०२४ साली सानलोरेंझो या इटालियन नौकाबांधणी कंपनीने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. मालक बदलले, नाव बदलले नाही. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर चोपडीतील मालमत्तेपेक्षा नावाची पत मोठी ठरली. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वान नौका आजही लोक हौसेने दुरुस्त करून वापरतात व विकत घेतात. विकलेल्या मालाचे वय वाढूनही त्याला मान राहावा, यापरते प्रशस्तिपत्र कोणत्या व्यापाऱ्यास मिळणार?

गोव्यातील 'म्हादेई'

आता आपल्या घराजवळ येऊ. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई नदी गोव्यात शिरल्यावर मांडवी होते. या मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा ॲक्वेरियस हा फायबरग्लासच्या नौकांचा कारखाना आहे. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने जगप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी नौदलापुढे ठेवली होती. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविलेल्या या मराठी नौदल अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी येथे वास्तव्य केले. समुद्रापासून एवढ्या दूर राहूनही त्यांनी ही कल्पना सोडली नाही. या कामासाठी कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका परदेशातून विकत न घेता भारतातच बांधावयाची असे ठरले, आणि हे काम दांडेकरांच्या कारखान्याकडे आले.

या जबाबदारीचे वजन व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे. महासागरात महिनोन्महिने एकट्या माणसाला सांभाळील अशी नौका बांधण्याचा अनुभव त्या वेळी आपल्या देशात फारसा कोणापाशी नव्हता. साध्या मालात खोट निघाली तर माल परत येतो, फार तर हुंडी नाकारली जाते. येथे खोट निघाली तर माणूस परत येत नाही. म्हणून आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन द स्टाट या नामांकित पेढीचा घेण्यात आला. कोस्केनकुलाने चाळीस वर्षांपूर्वी जे केले, तेच येथे झाले : डोके जेथे उत्तम मिळेल तेथून घ्यावे, हात मात्र आपले असावेत.

या नौकेची लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन आणि डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे सात-आठ मजली इमारतीइतकी. अंगात मध्ये लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंस काचतंतू व राळेचे थर. लाकडामुळे जाडी येते, पण वजन बेताचे राहते. बाहेरचे थर ताण व दाब सोसतात. दोन्हींची सांधणी पक्की असेल तरच या रचनेचा उपयोग होतो. सांध्यात ओल किंवा हवा राहिली तर वरून चकाकणारे अंग आतून पोकळ ठरते. गोव्याच्या दमट हवेत, जेथे राळ वाळण्यास उष्णता व ओलावा दोन्ही सांभाळावे लागतात, हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करता येईल. रंगाचा हात दिल्यावर बरा आणि वाईट सांधा सारखाच दिसतो. तेथे कारागिराच्या प्रामाणिकपणाशिवाय दुसरा पहारेकरी नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला या नौकेतून जावयाचे होते ते दोंदे बांधणीच्या काळात स्वतः कारखान्यात लक्ष घालीत. कोणता नट कोठे आहे, कोणती तार कोठून गेली आहे, हे त्यांनी बांधतानाच जाणून घेतले. समुद्रात दुरुस्ती त्यांनाच करावयाची होती. गिऱ्हाईक कारखान्यात उभे राहिले म्हणजे कारागिरास त्रास वाटतो खरा, पण अशा गिऱ्हाइकाला माल विकल्यावर तक्रार उरत नाही.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी 'म्हादेई' या नावाने ही नौका नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली व आफ्रिकेतील केप टाउन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले व कोठेही न थांबता १५० दिवसांनी, ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस पोहोचले.

पुढील कामे व एक कसोटी

पहिल्या मालाची परीक्षा झाल्यावर दुसरी मागणी आपोआप येते. त्याच धर्तीची 'तारिणी' ही नौका दांडेकरांनीच बांधली व ती १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसला थांबावे लागले, हेही सांगितले पाहिजे. कोणतीही नौका निर्दोष नसते. दोष दुरुस्त करण्याजोगा असावा आणि तोवर नौकेने तग धरावा, एवढीच अपेक्षा रास्त आहे. त्याच 'तारिणी'तून २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. व रूपा ए. या दोन अधिकारी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या.

अधिक कठीण कसोटी 'थुरिया'ची झाली. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ज्या 'सुहेली'तून एकट्याने, कोठेही न थांबता जगाभोवती जाणारे पहिले मानव ठरले, ती ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. त्यांच्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली भरविलेल्या शर्यतीसाठी दांडेकरांनी तिची प्रतिकृती बांधली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली व तिच्या डोलकाठ्या मोडल्या. अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचविले. तोपर्यंत 'थुरिया'चे अंग पाण्यावर तरंगत राहिले होते. तिच्या आत पडून राहिलेल्या जखमी माणसाला त्या तीन दिवसांत तेवढाच एक आसरा होता.

याच उद्योजकाच्या होडी इनोव्हेशन्स या संस्थेने पुढे सर्वस्वी निराळे काम हाती घेतले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात दिसणाऱ्या पाचव्या शतकातील जहाजावरून, खिळे न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक जहाज बांधण्यात आले. शिवणकाम केरळातील बाबू शंकरन व त्यांच्या सहकारी कारागिरांनी केले. 'कौंडिन्य' या नावाने ते २१ मे २०२५ रोजी आपल्याच राज्यातील कारवार येथे नौदलात दाखल झाले. अत्याधुनिक राळेचे काम करणारा कारखाना दीड हजार वर्षांपूर्वीच्या विद्येकडेही वळू शकला, कारण दोन्हींत कसब हाताचेच होते.

आमच्या व्यवहारास काय घेता येईल?

आमच्या सीमाभागात समुद्र नाही, परंतु कसबाची वाण नाही. जस्त व तांब्याच्या मिश्रणात चांदीची तार बसवून, किल्ल्यातील जुन्या मातीच्या लेपाने काळा रंग चढविणारा बिदरीचा कारागीर आमच्याच गल्लीत राहतो. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक चिन्हांकनाचा मान मिळाला आहे. असे असता कसबी कारागिरास आम्ही वेळेवर पुरेसा बयाणा देतो काय? त्याच्या वस्तूवर त्याचे नाव राहू देतो काय? की दर पाडून, घाई करून, त्याला हलका माल करावयास भाग पाडतो आणि मग बिदरीचे दिवस गेले म्हणून हळहळतो? पिएतारसारीच्या सुतारांची मुले आज नौका बांधीत आहेत, कारण त्यांच्या हातास नवे काम व योग्य मोल देणारा कोणी वेळेवर भेटला. आमच्या कारागिराचा मुलगा मोठ्या शहरात पहारेकऱ्याच्या नोकरीस गेला तर ती विद्या पुन्हा विकत घेता येणार नाही.

अशा उद्योगात भांडवल घालू इच्छिणाऱ्या सभासदांनी चार गोष्टींचा विचार आधी करावा, असे आम्हांस वाटते. एक, काम पुरे होण्यास लागणारा काळ. नौका एका हंगामात तयार होत नाही, तेव्हा तुरीच्या अडतीप्रमाणे चार महिन्यांत पैसा परतण्याची अपेक्षा येथे उपयोगी नाही. दोन, आराखडा व परीक्षा यांवरील खर्च. तो वाया जातो असे वाटते, पण पुढील साऱ्या मालाची पत त्यावर उभी असते. तीन, कारागिरांची शाश्वती, कारण या धंद्याचे खरे यंत्र तेच आहेत. आणि चार, विकल्यानंतरची जबाबदारी. मालाशी असलेला आपला संबंध पैसे मिळताच संपतो असे मानणाऱ्याने या वाटेस जाऊ नये.

हे चारही हिशेब आमच्या वाडवडिलांना अपरिचित नव्हते. पेढीच्या नावाने दिलेला शब्द नातवाच्या काळातही पाळला जाई, तो याच विचाराने. आज आमच्या घरांतील पुष्कळ तरुण अभियांत्रिकी, आराखडाशास्त्र व व्यवस्थापन शिकून बाहेर पडत आहेत, आणि आडत-दुकानाच्या गादीवर बसण्यास ते नाखूष आहेत. त्यांना नुसता दोष देण्यापेक्षा त्यांचे शिक्षण, घरचे भांडवल आणि गल्लीतील कसब ही तिन्ही एका छपराखाली आणता येतात काय, याचा विचार प्रत्येक पेढीने येत्या वर्षी एकदा तरी गंभीरपणे करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.